मऊ निघालेली तार

१

आवाज आधी मावशींनी ऐकला.

कारखान्यात तारा वाकवायचं काम करणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला गोदामाचं कुलूप काढून आत शिरल्या आणि दाराशीच थबकल्या. आत चिटपाखरूही नव्हतं. ओव्हनमध्ये बसवायच्या सहाशे जाळ्या ओळीनं टांगलेल्या होत्या. काळ्यानिळ्या एनॅमलचा लेप चढवून, भट्टीतून काढून, आदल्या संध्याकाळी एकूण एक तपासून ठेवलेल्या. तेव्हा एकीवरही ओरखडा नव्हता. आणि आता त्या शांततेत कुठूनतरी बारीक आवाज येत होता. टिक्. जरा वेळ काही नाही. मग लांबच्या कोपऱ्यातून, टिक्. कुणीतरी नखानं काच वाजवावी तसा.

मावशींनी एक पाऊल टाकलं, तर चपलेखाली काहीतरी चुरचुरलं. वाकून त्यांनी ते उचललं. नखाएवढा, अर्ध्या चंद्रासारखा काळा कपचा. जमिनीवर सगळीकडे तसेच पसरले होते, मासे साफ केल्यावर खवले पडावेत तसे. जाळ्या आपल्या आपणच अंगावरचा लेप टाकत होत्या आणि आतलं लोखंड उघडं पडत होतं.

"मी भित्री नाही हो," मावशींनी पुढे तपासनीसबाईंना हे तीनदा सांगितलं. "पण हात न लावता वस्तू फुटायला लागली की कुणाचीही गाळण उडेल."

महिन्यातली ही तिसरी खेप होती. ओव्हन बनवणाऱ्या कंपनीनं आधीच बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ. कारखान्यात नव्वद माणसं होती आणि दुसरं काम नव्हतं. मालकीणबाईंनी नऊच्या आत एनॅमलच्या मुख्य कारागिराला घरी बसायला सांगितलं आणि मग फोन लावला.

फोन उचलला तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका बाईंनी. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल पण भिंग हवं, अशी त्यांची ख्याती. धंद्यातले लोक त्यांना पाठीमागे भिंगवाली म्हणत, तोंडावर तपासनीसबाई.

"खवले उडालेत, बाई. तिसऱ्यांदा."

"लेप कोण चढवतं तुमच्याकडे?"

मालकीणबाई म्हणाल्या, "ते सांगितलं तर तुम्ही येणार नाही, असं सगळे म्हणाले."

बाईंना उत्तर कळलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"तो माझा सख्खा भाऊ आहे. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"तुम्ही सख्ख्या भावाबद्दलसुद्धा खोटं लिहीत नाही, हे सगळ्या धंद्याला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही हव्यात," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? दादांना मी आज घरी बसवलं, तेही तुमचाच जुना अहवाल वाचून."

२

तो अहवाल नऊ वर्षांपूर्वीचा.

तेव्हा दादाचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. एक भट्टी, तीन माणसं आणि मागे राहायच्या दोन खोल्या. वडील लवकर गेले. दादा पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला लागला आणि त्यानं धाकट्या बहिणीला शिकवलं. धातूचं शास्त्र ती कॉलेजात शिकली असेल, पण लेप कसा बघायचा, उजेडाकडे तिरका धरून कसा वाचायचा, ते त्याच्याजवळ उभी राहून शिकली. पुढे ती मोठ्या कंपनीत तपासनीस झाली. मग एक दिवस दादाच्याच जाळ्यांवर खवले उडाले आणि कंपनीनं तिलाच पाठवलं. नाही म्हणता आलं असतं. तिला वाटलं, आपण गेलो तर निदान नीट तरी तपासू.

तिनं नीट तपासलं आणि लिहिलं: तार निर्दोष; दोष लेपाचा. सहा महिन्यांत वर्कशॉपला टाळं लागलं.

दादा भांडला नाही. ओरडला नाही. फक्त बोलणं थांबवलं. शेजाऱ्याशी बोलणं थांबलं तर माणूस दुसरा शेजारी शोधतो. भावाचं तसं करता येत नाही. बाईंनी पत्रं लिहिली, ती न फोडता परत आली. त्यांना दर भाऊबहिणीच्या जोडीचा हेवा वाटायचा, अगदी बसमध्ये खिडकीसाठी भांडणारी पोरं दिसली तरी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

फोन आला त्याच दुपारी बाई कारखान्यात पोचल्या, तेव्हा किल्ल्या परत द्यायला आलेला दादा घोळाच्या खोलीत होता. काचेची पूड, माती आणि पाणी कालवून लेपाचा पातळ घोळ इथं बनायचा. दादा पिंप फडक्यानं पुसत होता. केस सगळे पांढरे झालेले. मान मात्र तशीच, जरा डावीकडे कललेली.

"दादा."

"या मॅडम." त्यानं फडकं पिळलं. "काय दाखवू?"

मॅडम. बाईंनी पर्समधून भिंग काढलं. "घोळ बदलला होतास का? पाणी? पूड?"

"काही बदललेलं नाही. पिंप तुमच्यासमोर आहे, तपासा." मग तो कोरडेपणानं म्हणाला, "घोळ माझा आहे. पण हा घोळ मी केलेला नाही."

एरवी असं काही बोलून तो स्वतःच आधी हसला असता.

"मग कुणी केला? तुला काही माहीत असेल तर सांग ना. मी त्यासाठीच आले आहे."

दादानं किल्ल्यांचा जुडगा पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं.

"नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक गोष्ट सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतली नाहीत. तीच गोष्ट आज परत सांगायची माझी तयारी नाही."

आणि तो निघून गेला.

३

कोणती गोष्ट, ते बाईंना आठवेना. त्या भेटीतलं त्यांना दादाचं तोंड आठवत होतं, त्यातून निघालेले शब्द नाही.

त्यांनी कामाला सुरुवात केली, कारण काम करता येत होतं.

लेप चढवण्याआधी जाळ्या ॲसिडच्या टाकीत बुडवून स्वच्छ करतात. टाकीवर वहिनी होत्या. त्यांचा नवरा पूर्वी इथंच कामाला होता, म्हणून त्या साऱ्या कारखान्याच्या वहिनी. त्यांचं आणि दादाचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं, हे तीन जणांनी बाईंच्या कानावर घातलंच होतं. बाईंनी नुसतं "बसा" म्हटलं, तोच वहिनींच्या डोळ्यांत पाणी.

"काल जाळ्या पाव तास जास्त राहिल्या टाकीत. मी बोलले नाही कुणाला. लोखंड ॲसिडात जास्त राहिलं की वायू पितं आणि तोच पुढे लेप फोडतो, हे मला तुमच्या भावानंच शिकवलंय. आणि मी त्याला घरी बसलेलं बघते आहे!"

"मग झालं तर!" मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी खवले उडालेली एक जाळी उचलून दोघींपुढे धरली. "ही बाहेरची चौकट जाड तारेची. आणि या आतल्या आडव्या तारा बारीक. नीट बघा आणि सांगा, खवले कुठं आहेत?"

दोघी वाकल्या. आडव्या तारांची चाळण झाली होती. चौकटीवर एक डाग नव्हता.

"दुसरी बघा. ही तिसरी. सगळ्या तशाच. घोळ तोच, टाकी तीच, भट्टी तीच. वहिनींचं ॲसिड काय माणसं बघून वागतं? जाड तारेला सोडायचं आणि बारकीला धरायचं?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. आणि दादाही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी जाळी परत ओळीत टांगली.

उरली तार. तारेचं खातं सांभाळणारे तारमास्तर पंचेचाळिशीचे, सडसडीत, नीटनेटके. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. त्यांनी सगळं न अडखळता दाखवलं. बाहेरून येणारी सळई करंगळीएवढी जाड. चौकटीसाठी ती लोखंडी साच्याच्या भोकातून एकदाच थोडीशी ओढून बारीक करायची. आडव्या तारेसाठी दोनदा, आणि मधे तारेच्या भट्टीत दोन तास तापवून मऊ करायची.

"मधे मऊ केली नाही तर?"

"एकदम फार ओढलं की पोटात भेगा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पडतात." पाठ केलेला धडा म्हणावा तसं ते बोलले.

यंत्रामागच्या भिंतीवर खडूनं बारीक आकडे लिहिलेले होते, एकाखाली एक. ४८.२, ४७.९, ४७.९, ४७.१, ४६.८.

"हे काय?"

"यंत्राचा वेग," तारमास्तर म्हणाले आणि स्टॉपवॉच शर्टाच्या आत सरकवलं.

बाईंनी खवले उडालेल्या दहा जाळ्यांमधून बारीक तारेचे तुकडे कापले आणि कडकपणा मोजायच्या यंत्राखाली धरले. भेगा पडेपर्यंत ओढलेली तार कडक असायला हवी. पहिला तुकडा मऊ निघाला. दुसरा मऊ. दहाच्या दहा मऊ, पुस्तकात लिहिलंय तितके.

मालकीणबाईंनी खांद्यावरून वाकून आकडे वाचले. "तार तर निर्दोष आहे हो."

नऊ वर्षांपूर्वी बाईंनी लिहिले होते तेच शब्द.

४

बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्या जाळ्यांच्या पत्र्याच्या चिठ्ठ्या बघितल्या. तार कोणत्या दिवशी ओढली, तो वार प्रत्येक चिठ्ठीवर ठोकलेला असायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या जाळ्या धडधाकट होत्या. फुटलेली प्रत्येक जाळी सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारची.

यंत्राला काही वार वाचता येत नाहीत, मग ते वार बघून कसं बिघडेल? बाई डोकं धरून मावशींच्या बाकाशेजारी बसल्या. मावशी तारा वाकवत होत्या. त्यांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"हे काय करून घेतलंत?"

"तारेचे लाड," मावशी म्हणाल्या. "काही दिवस गरीब गाईसारखी वाकते. काही दिवस अशी अंगावर येते की विचारू नका. वाकवली की परत उसळते. मी म्हटलं तारमास्तरांना, तर म्हणाले, मावशी, तुमचं वय झालं."

बाई सावरून बसल्या. "कोणत्या दिवशी येते अंगावर?"

"आता वार कोण लक्षात ठेवतं? हे बघा, आज सकाळपासून चाललंय."

बाकाखाली दोन वेटोळी होती. शनिवारचं संपत आलेलं आणि सोमवारचं नुकतंच उघडलेलं. बाईंनी दोन्हींतून वीतभर तुकडा घेतला. शनिवारचा हातानं वाकवला, तो वाकून तसाच राहिला. सोमवारचा वाकवला आणि सोडला, तसा तो सपकन उलटून त्यांच्या तळहाताला लागला.

ही तार कडक होती. मऊ नव्हतीच. मग काल दहा तुकडे मऊ कसे निघाले?

त्या उठल्या. सोमवारचा तो तुकडा त्यांनी एनॅमलच्या भट्टीत जाणाऱ्या जाळ्यांबरोबर अडकवून दिला आणि भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन थांबल्या. लालबुंद जाळ्या बाहेर आल्या, काळ्या पडल्या, निवल्या. बाईंनी तुकडा हातात घेऊन वाकवला.

मेणासारखा वाकला.

आठशे अंशांच्या आचेत तारेचा कडकपणा निघून गेला होता. लेप पक्का करणारी भट्टीच पुरावा पुसत होती. कडकपणा जात होता, पोटातल्या भेगा मात्र तशाच राहत होत्या. भट्टीतल्या ओलाव्यातून निघालेला वायू त्या भेगांमध्ये शिरत होता आणि जाळी निवल्यावर, रात्रभर, बाहेर पडायची वाट शोधत लेप फोडत होता. तयार जाळीतली तार तपासली तर ती मऊच निघणार. नेहमीच. कुणीही तपासली तरी.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनीही तयार जाळीतलीच तार तपासली होती.

आणि मग ती गोष्ट आठवली. त्या दिवशी त्या बसमध्ये चढल्या होत्या, आणि दादा हातात एनॅमलची ओव्हनची थाळी घेऊन बसच्या बाजूनं धावत होता. खिडकीच्या काचेवर थापा मारत ओरडत होता, "थाळी बघ! अगं, थाळी बघ!" एकाच घोळातली, एकाच भट्टीतली, पत्र्याची थाळी. तिच्यावर एक खवला उडालेला नव्हता. लेपात दोष असता तर थाळी वाचली नसती. बाईंना वाटलं होतं, भाऊ गयावया करतोय. चार लोकांत शोभा नको म्हणून त्यांनी मान फिरवली होती.

"बाई, काय झालं?" मावशी धावत आल्या. "पाणी देऊ का?"

बाई तो मऊ तुकडा मुठीत धरून मालकीणबाईंच्या खोलीकडे निघाल्या.

५

पण अर्धं कोडं अजून शिल्लक होतं. तारमास्तर आठवड्यातले तीन दिवस तार मऊ न करता का ओढत होते?

तारेच्या भट्टीशेजारी एक पेन गोल कागदावर फिरत असे आणि दिवसभराच्या आचेची रेघ काढत असे. मालकीणबाईंनी ते कागद आणून दिले. "रोज भट्टी पेटली आहे. सोमवारीसुद्धा. हे बघा की."

बाईंनी सोमवारचा आणि मंगळवारचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. मंगळवारची रेघ तासभर रखडत वर चढली होती. सोमवारची वीस मिनिटांत वर.

"तुम्ही स्वयंपाक करता का?"

"करते की."

"भरलेलं पातेलं आधी तापतं की रिकामं?"

मालकीणबाईंचा चेहरा पालटला. "भट्टी रिकामी पेटवली होती!"

"आणि तार ठेवलीच नाही. दोन तास वाचले. त्या दोन तासांचं काय केलं, ते मला बघायचं आहे. आज बुधवार आहे. तोवर कुणाला बोलू नका."

त्या परत यंत्रामागच्या भिंतीपाशी गेल्या. कालच्या आकड्यांकडे त्यांनी नव्यानं पाहिलं. यंत्र रोज एकाच वेगानं चालतं. दिवसागणिक थोडं थोडं सुधारतं ते माणूस. हे कुणीतरी कुणाची तरी वेळ मोजत होतं.

साडेतीनला तारमास्तर मागच्या फाटकानं बाहेर पडले. बाई अंतर ठेवून निघाल्या. दोन चौक, एक पूल, मग एक लांबट इमारत. आत शिरताच क्लोरीनचा वास आणि आवाजांचा घुमारा. पोहण्याचा तलाव होता. तारमास्तर सिमेंटच्या पायऱ्यांवर अगदी वरच्या ओळीत, खांबाआड बसले होते. हातात स्टॉपवॉच.

बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

तारमास्तरांनी वळून पाहिलं, ओळखलं आणि परत पाण्याकडे तोंड केलं. "एवढी फेरी होऊ दे," ते म्हणाले. "मग येतो तुमच्याबरोबर."

तिसऱ्या पट्ट्यात पिवळ्या टोपीतली एक मुलगी हात मारत होती. चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिनं भिंतीला हात लावला तसं त्यांनी बटण दाबलं.

"मुलगी?"

"हो." त्यांनी स्टॉपवॉचवरचा आकडा वाचला. "तिची आई आणि मी वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली. दोष आईचा नाही. मी घरी असायचोच कुठं? दिवसरात्र तार. कोर्टात पोरीला विचारलं, बाबांना भेटायचंय का? तर म्हणाली, त्यांना तारेतून वेळ मिळाला तर." ते हसल्यासारखं करून थांबले. "म्हणून आता तारेतूनच काढतोय."

"ती वर बघते?"

"नाही. तिला माहीतच नाही. माहीत झालं आणि 'येऊ नका' म्हणाली, तर मग काय करू?"

दर आठवड्याला बाई सात नंबरच्या बसनं मुद्दाम लांबचा वळसा घालून दादाच्या गल्लीवरून जायच्या. उतरायच्या कधीच नाहीत. उतरलो आणि त्यानं दार लावून घेतलं तर काय, या भीतीनं.

"दादांना घरी बसवलं तेव्हा तरी बोलायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"पहिल्यांदा खवले उडाले तेव्हा खरंच वाटलं, लेपाचंच असेल. सगळे तेच म्हणत होते. तसा अहवालच होता ना कुणाचा तरी." तो कुणाचा, हे त्यांना ठाऊक नसावं. "नंतर शंका आली. काल दादा गेले, तेव्हा जाऊन सांगणारच होतो. मग वाटलं, एवढा एक बुधवार होऊ दे."

खाली मुलगी पुन्हा पाण्यात झेपावली. तारमास्तर उठले, पण खाली उतरेपर्यंत मान मागेच वळलेली होती.

६

गुरुवारी मालकीणबाईंच्या खोलीत वहिनी आणि मावशी दाराशी, तारमास्तर टेबलासमोर. बाईंनी सगळं क्रमानं मांडलं. खवले फक्त बारीक तारेवर, म्हणून लेप, ॲसिड आणि भट्टी तिन्ही सुटले. फुटलेल्या जाळ्या तीनच वारांच्या, म्हणून सळईसुद्धा सुटली. ती सगळ्या वारी एकच असते. सोमवारची कच्ची तार उसळते, भट्टीतून आली की मऊ. आणि रिकाम्या भट्टीची ती रेघ.

"बरोबर आहे सगळं," तारमास्तर म्हणाले. "मला काही म्हणायचं नाही. दादांची माफी मागायची आहे, तेवढी मागू द्या."

मालकीणबाईंनी बराच वेळ कपाळ चोळलं. "नव्वद माणसं घरी बसली असती तुमच्यापायी. आता तुम्हाला ठेवू तर ती चिडतील, काढू तर असा हात परत मिळायचा नाही. मला सुचत नाही." त्या बाईंकडे वळल्या. "नुकसान सोसलं दादांनी. त्यांनाच ठरवू दे. मी फोन करते."

"फोन नको," बाई म्हणाल्या. "मी जाते. मला तसंही जायचंच आहे."

७

या वेळी त्या बसमधून उतरल्या.

दादानं दार उघडलं, तिला पाहिलं आणि दार लावलं नाही. आतही ये म्हणाला नाही. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तारमास्तरांची सगळी हकिकत सांगितली. दादा चौकटीला टेकून ऐकत होता.

"मालकीणबाई विचारतात, त्यांना ठेवायचं की काढायचं?"

दादानं विचारलं, "पोरगी किती सेकंदांत पोहते?"

"सेहेचाळीस पूर्णांक आठ."

"बरं आहे की." त्यानं नाक ओढलं. "त्या तीन दिवशी सकाळी लवकर बोलवा म्हणावं त्याला. भट्टी भरून होते आणि वेळेवर सुटताही येतं. आणि प्रत्येक वेटोळ्याचा तुकडा मावशींनी वाकवून बघायचा, त्याशिवाय तार पुढे जाणार नाही. मास्तरकी वर्षभर काढून घ्या. माफी मागायला इथं पाठवू नका, मला जमत नाही ते."

मग बाईंनी पर्समधून कागद काढून पुढे केला. कारखान्यासाठी लिहिलेला नवा अहवाल. त्याचं पहिलंच वाक्य होतं: नऊ वर्षांपूर्वी मी दिलेला अहवाल चुकीचा होता, दोष लेपाचा नव्हता, तारेचा होता, आणि लेप निर्दोष असल्याचं त्या कारागिरानं तेव्हाच मला सांगितलं होतं.

दादानं चष्मा लावला. ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं असावं. डोळे खाली सरकायला तेवढा वेळ लागला.

"कधी कळलं?"

"काल सकाळी."

"मला कारखान्यात कामाला लागल्यावर तिसऱ्याच वर्षी कळलं. एकदा यांची तारेची भट्टी बिघडली होती, तेव्हा तसेच खवले उडाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तू होतीस कुठं?"

बाईंनी मान खाली घातली. "वर्कशॉप परत आणता येणार नाही मला, दादा."

"नाही येणार," दादा म्हणाला. त्यानं तिची समजूत घातली नाही आणि तिनंही ती मागितली नाही. गल्लीतून एक सायकल गेली. कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

दादानं उजवा हात उघडला, मिटला. बोटं पुरती मिटत नव्हती.

"उद्या सातला नवा घोळ लावायचाय. या हातानं फार वेळ ढवळवत नाही आता," तो म्हणाला. "येशील?"

"साडेसहाला येते."

"सातला म्हणालो," दादा म्हणाला, आणि दारातच उजेडाकडे वळून कागदाची दुसरी बाजू वाचायला घेतली.